सेग्वे नगरदर्शन

विजेवर चालणाऱ्या दुचाकी सेग्वेवर उभे राहून, वाटाड्यामागे एका रांगेत शहरातील प्रेक्षणीय स्थळे पाहण्याचा प्रकार. अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी हे वाहन डिसेंबर २००१ मध्ये लोकांपुढे आणले. त्यातील जायरोस्कोप शरीराचा कल ओळखतात : पुढे झुकले की गाडी धावते, मागे रेलले की थांबते. म्हणून फेरीआधी हेल्मेट घालून सराव करावाच लागतो. सुरुवातीला पाय ताठरतात, मग तोल आपसूक सांभाळला जातो. वॉशिंग्टनमध्ये स्मारकांमधली लांब अंतरे अशी न थकता कापता येतात. प्रागच्या अरुंद, दगडी फरसबंदीच्या गल्ल्यांत मात्र पादचाऱ्यांना त्रास होऊ लागल्याने २०१६ मध्ये मध्यवर्ती भागात सेग्वेवर बंदी आली, आणि ती रास्तच होती. मूळ सेग्वेचे उत्पादन २०२० मध्ये थांबले.