थुंब्याची उमेदवारी

तिरुअनंतपुरमच्या उत्तरेस, लोहमार्ग आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या वालुकामय पट्टीवर, थुंबा नावाचे कोळ्यांचे एक गाव होते; माड, होड्या, जाळी आणि सेंट मेरी मॅग्डेलीनचे चर्च एवढीच त्याची दौलत. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताची रेषा या गावाच्या अगदी निकट जाते, आणि तेवढ्या एका भौगोलिक योगामुळे त्याचे नाव पुढे जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी झाले. या रेषेच्या माथ्यावर, सुमारे शंभर-एकशेदहा किलोमीटर उंचीवर, दिवसा विद्युत्प्रवाहाचा एक अरुंद झोत वाहत असतो. हवामानाचे फुगे तेथवर पोहोचत नाहीत, उपग्रह त्याच्या बऱ्याच वरून फिरतात. म्हणून त्या थरात जाऊन मोजमाप करायचे तर अग्निबाणावाचून गत्यंतर नाही.

भूचुंबकत्वाच्या अभ्यासाची परंपरा आपल्याकडे थुंब्यातील प्रयोगांहून पुष्कळ जुनी आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकापासून चुंबकीय वेध घेतले जात होते. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखा, पुढे महाराष्ट्राने ज्योतिर्गणितातील अधिकारी पुरुष म्हणून मानलेला विद्वान, ऐन पोरवयात प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली तेथेच निरीक्षणाचे काम शिकला. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर हे वेध 1904 मध्ये अलिबागला हलवावे लागले, पण त्यांची साखळी तुटली नाही. यंत्राशेजारी बसून, रोजच्या रोज नोंदी करीत शास्त्र शिकण्याची ही रीत थुंब्याच्या पूर्वेतिहासात मोडते असे मला वाटते.

1962 मध्ये होमी भाभांच्या अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती नेमली गेली. विक्रम साराभाई तिचे अध्यक्ष झाले, आणि मूळचे कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस तिचे सदस्य-सचिव. किनाऱ्यावरच्या अनेक जागा पाहून अग्निबाणांच्या प्रक्षेपणासाठी थुंब्याची निवड करण्यात चिटणिसांचा मोठा वाटा होता. जमीन संपादनाचे काम जिल्हाधिकाऱ्यांनी आस्थेने पार पाडले. परंतु चर्चची इमारत आणि भोवतालची घरे सोडून जाण्यास ख्रिस्ती कोळी समाजाची संमती हवी होती. ती बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी रविवारच्या प्रार्थनेत भाविकांना विचारून मिळवली. मग चर्च हे कार्यालय झाले आणि बिशपांचे निवासस्थान ही कार्यशाळा. हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्याच्या सोज्ज्वळपणापुढे थुंब्याची खरी कर्तबगारी झाकली जाते. ती कर्तबगारी माणसे घडवण्याची आहे.

अग्निबाण सोडण्याचे शिक्षण देणारे एकही विद्यापीठ त्या काळी भारतात नव्हते. साराभाईंनी तशी शाळा आधी काढण्याची वाट पाहिली नाही. निरनिराळ्या सरकारी संस्थांतून त्यांनी मूठभर तरुण अभियंते निवडले आणि 1963 मध्ये अमेरिकेतील गॉडार्ड केंद्रात व व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील वॉलप्स बेटावर उमेदवारीसाठी धाडले. त्यांत रामेश्वरमचे अब्दुल कलाम होते. तुर्भ्याच्या अणुशक्ती संस्थेतून आलेले आर. अरवमुदन होते, फर्ग्युसन महाविद्यालयात पदवी घेऊन अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेलेले, जन्माने पुण्याचे प्रमोद काळे होते. अग्निबाणाची जुळणी, रडारने त्याचा माग काढणे, उड्डाणात त्याने पाठवलेले संदेश टिपणे, प्रक्षेपणस्थळाची सुरक्षा, हे सारे त्यांनी प्रत्यक्ष कामावर उभे राहून आत्मसात केले. काही महिन्यांची मुदत संपताच ही मंडळी थुंब्यास परतली, आणि जे कालपर्यंत विद्यार्थी होते त्यांच्यावरच एका आंतरराष्ट्रीय प्रयोगाची संपूर्ण जबाबदारी येऊन पडली.

21 नोव्हेंबर 1963. अमेरिकेचा नाइकी-अपाची अग्निबाण, त्याच्या शिरोभागी फ्रान्सहून आलेले सोडियमच्या वाफेचे उपकरण, आणि उड्डाणाची वेळ मुद्दाम सूर्यास्तानंतरची. कारण खाली अंधार पडला तरी वरच्या थरात सूर्यकिरण पोहोचत असतात, आणि त्या प्रकाशात सोडियमची वाफ नारिंगी तेजाने झळकते. ती कोणत्या दिशेने, किती वेगाने सरकते याची छायाचित्रे निरनिराळ्या ठिकाणांहून घेतली म्हणजे त्या उंचीवरील वाऱ्याचे गणित मांडता येते. ऐन वेळी यारीतील तेल गळू लागले, तेव्हा जमलेल्या मंडळींनी अंगबळाने अग्निबाण प्रक्षेपकावर चढवला. संध्याकाळी 6 वाजून 25 मिनिटांनी तो उडाला, आणि केरळच्या आकाशात नारिंगी मेघ उमटला.

अग्निबाण परक्यांचा होता, हे त्या मंडळींपैकी कोणी विसरले नाही. फ्रान्सच्या सँतूर अग्निबाणांची निर्मिती परवाना घेऊन सुरू झाली. आणि त्याच्या जोडीला, पहिल्या उड्डाणाला चार वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे 20 नोव्हेंबर 1967 रोजी, अवघ्या 75 मिलिमीटर व्यासाचा स्वदेशी ‘रोहिणी’ थुंब्याहून सोडण्यात आला. जगाच्या तुलनेत ते खेळणे होते असे कोणी म्हणेल. परंतु नळकांडे, इंधन, प्रज्वलक, पंख या प्रत्येक अंगाची जोखीम एकेका तरुणाच्या शिरावर देण्यासाठी असे लहानच साधन हवे असते, कारण ते फसले तर नुकसान सोसण्याजोगे राहते आणि शिकणाऱ्याचे मन मोडत नाही. साराभाईंचे शिक्षणशास्त्र मला येथे सर्वाधिक स्पष्ट दिसते. त्याच वर्षी इंग्लंडमधील काम सोडून वसंत गोवारीकर थुंब्यास दाखल झाले. कोल्हापुरात वाढलेल्या आणि बर्मिंगहॅममध्ये रासायनिक अभियांत्रिकीचे संशोधन केलेल्या या शास्त्रज्ञाने घन इंधनाचे काम हाती घेऊन त्यासाठी माणसांची एक फळी उभी केली, आणि पुढे ते त्या सबंध केंद्राचे संचालक झाले.

फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी 1966 मध्ये टिपलेले, सायकलवरून अग्निबाणाचा शिरोभाग नेणाऱ्या दोघांचे चित्र पाहून आपण दारिद्र्याची कणव करतो. ते चित्र दारिद्र्याचे मानणे मला पटत नाही. त्या दिवसांत साधनांना वाट पाहावी लागली, माणसांच्या शिक्षणाला लागली नाही. 10 ऑगस्ट 1979 रोजी उपग्रह वाहून नेणारे एसएलव्ही-3 यान समुद्रात कोसळले तरी तीच मंडळी वर्षभराने, 18 जुलै 1980 रोजी, ‘रोहिणी’ नावाचाच उपग्रह कक्षेत सोडू शकली, हे त्या शिक्षणाचे फळ होय.

थुंबा सुरू होऊन चव्वेचाळीस वर्षे लोटल्यावर, 2007 मध्ये, अवकाशविज्ञान व तंत्रज्ञान शिकवणारी स्वतंत्र भारतीय संस्था तिरुअनंतपुरम येथे स्थापन झाली. वॉलप्सला उमेदवारी करून आलेले अब्दुल कलाम तिचे पहिले कुलपती होते.