पनवेल परिसरातील पेयपान आणि अबकारी सत्ता

१

पनवेल हे उत्तर कोकणातील गाव दोन भिन्न प्रदेशांच्या सांध्यावर वसलेले आहे. पश्चिमेस खाडी, मिठागरे आणि खारजमिनीतील भातशेती. पूर्वेस माथेरान आणि प्रबळगडाची रांग. दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका. १८३० साली भोर घाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून लोहमार्ग घाट चढेपर्यंत मुंबईचा पुष्कळसा प्रवासी व माल होडीने पनवेलच्या बंदरी उतरून पुण्याकडे जात असे. अशा जागी पांथस्थ, हमाल, मिठागरावरील मजूर आणि डोंगरातून लाकूडफाटा घेऊन येणारा ठाकूर वा कातकरी हे सर्व एका बाजारात एकत्र येत. या लोकांना श्रमांती चांगले व परवडेल असे पेय कोठे, केव्हा आणि कोणत्या अटींवर मिळे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्याचे उत्तर देण्याचा अधिकार ग्रामस्थांकडून सरकारकडे कसा गेला हे पाहू गेल्यास त्यात महसूल, जंगल आणि जातिव्यवसाय या तिहींचा इतिहास गुंतलेला दिसतो.

मद्यपानाच्या इतिहासाकडे आपल्याकडे बहुधा नीतीच्या दृष्टीने पाहिले गेले आहे. ती दृष्टी त्याज्य नव्हे. पण तेवढीच पुरेशी नाही. कोणते पेय कायदेशीर ठरले आणि कोणते बेकायदा, हे ठरविताना सेवन करणाऱ्याच्या हिताचा विचार किती होता आणि पेयाच्या भौतिक गुणधर्मांचा व महसुलाच्या सोयीचा विचार किती होता, हे स्वतंत्रपणे तपासणे अगत्याचे आहे.

२

या परिसरातील पेयांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग झाडाच्या रसाचा. माडापासून माडी, ताडापासून ताडी, शिंदीच्या झाडापासून शिंदी, आणि डोंगराच्या कुशीत वाढणाऱ्या भेरली माडापासूनही तसाच रस निघतो. रस काढणे हा मुख्यतः भंडारी समाजाचा पिढीजात व्यवसाय. पोयीचा शेंडा रोज पातळ कापावा लागतो, मडके बांधावे लागते, आणि दिवसातून दोन वेळा झाडावर चढावे लागते. रात्री साचलेला रस सूर्योदयाच्या सुमारास उतरविला की तो गोड असतो. मडक्यात आणि हवेत असलेल्या किण्वामुळे तो काही तासांतच आंबू लागतो. दुपारपर्यंत त्याला मादकपणा आणि आंबटपणा येतो, व दुसऱ्या दिवशी तो शिरक्याच्या वाटेला लागतो. मडक्याला आतून चुना लावल्यास आंबण्याची क्रिया थांबते आणि नीरा मिळते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ताडी चांगली की वाईट हे मुख्यतः वेळेवर आणि अंतरावर अवलंबून होते. झाडापासून जवळ आणि उतरविल्यापासून थोड्या वेळात प्यालेली ताडी उत्तम. दूरच्या दुकानात संध्याकाळी मिळणारी हीन. पेयपानाची सुवेळ येथे झाडाने ठरविलेली होती, विक्रेत्याने नव्हे.

दुसरा वर्ग मोहाच्या दारूचा. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले पहाटे गळून पडतात. ती वेचून वाळविली की महिनोन्‌महिने टिकतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. ठाकूर आणि कातकरी कुटुंबांत फूल हे आधी अन्न आणि मग दारूचा कच्चा माल होते. टंचाईच्या दिवसांत ते भाजून वा शिजवून खात. फूल पाण्यात भिजवून आंबविणे आणि मातीच्या भांड्यांतून ऊर्ध्वपातन करणे यासाठी सरपण, पाणी आणि थोडी आडोशाची जागा एवढेच लागे. त्यामुळे डोंगरातील प्रत्येक वाडी स्वतःपुरती भट्टी लावू शके. लग्न, देवकार्य आणि मृताचे दिवस या प्रसंगी दारूचा थेंब देवाला व पूर्वजांना वाहण्याची रीत असल्याने तिला केवळ करमणुकीचे साधन मानता येत नाही.

३

या स्थितीत मूलगामी फरक १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घडविला. या धोरणाचे प्रमुख प्रवर्तक चार्ल्स प्रिचर्ड हे होत. जकात, मीठ, अफू आणि अबकारी ही खाती त्या काळी एकाच आयुक्ताच्या हाताखाली होती, ही गोष्ट पनवेलच्या दृष्टीने सूचक आहे. कारण येथील आगरी मजूर दिवसा ज्या मिठावर काम करी ते मीठ आणि सायंकाळी ज्या ताडीने शीण घालवी ती ताडी, या दोहोंवर एकाच कचेरीचा अंमल बसला.

नव्या पद्धतीचे तत्त्व उत्पादनाचे केंद्रीकरण हे होते. गावोगावच्या भट्ट्या बंद करून ठराविक ठिकाणच्या कारखान्यांतच सरकारी देखरेखीखाली दारू गाळावयाची, तिची तीव्रता मोजावयाची, तीवर कर बसवावयाचा आणि मक्तेदारांच्या दुकानांतून ती विकावयाची. उरण हे अशा दारूगाळणीचे मोठे केंद्र होते. तेथील पुष्कळसा धंदा पारशी मालकांकडे होता. मोहाचे फूल गुजरातेकडून येई आणि तयार दारू जलमार्गाने मुंबईस जाई. म्हणजे पनवेलच्या डोंगरात मोह फुलत असता तेथील रहिवाशाने मात्र परप्रांतीच्या फुलाची, उरणास गाळलेली, करभार चढविलेली दारू दुकानातून विकत घ्यावी, अशी विपरीत व्यवस्था निर्माण झाली.

ताडीचे असे केंद्रीकरण शक्य नव्हते. जो रस दुसऱ्या दिवशी नासतो तो कारखान्यात साठविता येत नाही. म्हणून सरकारने रसाऐवजी झाड पकडले. प्रत्येक झाडामागे कर, परवाना आणि खूण अशी पद्धत लावण्यात आली. उलट मोहाचे फूल टिकाऊ आणि लपविण्यास सोपे. झाडे मात्र रानभर विखुरलेली. तेथे झाड मोजून भागणार नव्हते, म्हणून फूलच नियंत्रणाखाली आणावे लागले. १८९२ च्या मोहफुलांविषयीच्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करणे व बाळगणे यांवर निर्बंध घातले. पदार्थाचा गुणधर्म आणि कायद्याचे स्वरूप यांचा संबंध याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल: नाशवंत पेयासाठी झाडावर कर, टिकाऊ फुलासाठी बाळगण्यावर बंदी.

या कायद्याचा अर्थ वाडीवर काय झाला हे सांगण्यास फारसे विवेचन नको. आदल्या वर्षीपर्यंत जे फूल पोराबाळांच्या तोंडी पडत असे ते आता घरात सापडले तर गुन्ह्याचा पुरावा ठरू लागले.

४

अबकारी कायद्याचा विचार जंगल कायद्यावाचून अपुरा राहतो. हिंदुस्थानचा जंगल कायदाही १८७८ चाच. राखीव जंगलांमुळे सरपण, राब आणि चराई यांवर निर्बंध आले. कातकऱ्यांचा कात पाडण्याचा व्यवसाय संकोचला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष एवढा वाढला की १८८५ साली मुंबई सरकारला वनआयोग नेमावा लागला. डोंगरातील माणसाच्या दृष्टीने हे दोन कायदे वेगळे नव्हते. रानात गेल्यास वनरक्षक आणि घरी परतल्यास अबकारी शिपाई, अशी ती एकच साखळी होती. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथे जंगल सत्याग्रहाच्या वेळी गोळीबार झाला. त्या सत्याग्रहाचा विषय जंगल हाच होता, अबकारी नव्हे. तरी त्यामागे साचलेल्या रोषाची मुळे अर्धशतकापूर्वीच्या या दुहेरी निर्बंधांत शोधावी लागतात.

येथे एका संभाव्य गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. १८७८ पूर्वीचा काळ हा निरागस पेयपानाचा सुवर्णकाळ होता असे मानण्यास आधार नाही. दारूपायी जमीन गहाण पडणे, मजुरीचा भाग दारूच्या रूपात घ्यावा लागणे, घरातील स्त्रियांचे हाल होणे, या गोष्टी जुन्याच होत्या. महात्मा फुले यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद या नात्याने दारूच्या दुकानांच्या वाढीस विरोध केला. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. या दोघांची भूमिका सामाजिक प्रश्नांत एरवी भिन्न असताना येथे ती जुळते, याचे कारण असे की, दारूची वाढ ही आता केवळ व्यसनाची बाब न राहता राज्यकर्त्यांच्या उत्पन्नाची बाब झाली होती. सेवन कमीत कमी आणि उत्पन्न जास्तीत जास्त, हे सरकारचे घोषित सूत्र. त्यातील दुसरा भाग साधला हे निश्चित. पहिल्याच्या बाबतीत मात्र सौम्य ताडी महाग व दुर्मिळ होऊन तीव्र दारू दुकानोदुकानी सुलभ झाली, हा परिणाम सूत्राशी विसंगतच म्हटला पाहिजे.

५

स्वराज्याकडे वाटचाल करणाऱ्या नेतृत्वाने या धोरणाला संपूर्ण दारूबंदीने उत्तर दिले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली आणि बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई करण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर कर बसविण्यात आला. मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यानंतर हा प्रयोग खंडित झाला. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून सर्व राज्यात दारूबंदी लागू झाली. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात या कायद्याचा बहुतेक भाग ग्राह्य धरला.

हेतूने हा कायदा वसाहती कायद्याच्या विरुद्ध टोकाला होता; साधनांनी मात्र त्याचाच वारस. परवाना, झडती, जप्ती आणि बाळगण्याचा गुन्हा ही सारी यंत्रणा तयारच होती. भंडाऱ्याची ताडी पूर्वी करास पात्र होती, ती आता बंदीस पात्र झाली. खाडीकाठच्या तिवरांत आणि डोंगराच्या घळींत हातभट्टीला आश्रय मिळाला, आणि गूळ व इतर पदार्थांपासून घाईने गाळलेल्या दारूत ना मोहाचा गुण राहिला ना मोजलेल्या तीव्रतेची हमी. १९६० नंतरच्या काळात बंदी क्रमाने शिथिल झाली. तथापि १९४९ चा कायदा रद्द झाला नाही. महाराष्ट्रातील मद्यालयांच्या पाट्यांवर दिसणारे ‘परमिट रूम’ हे शब्द त्याच कायद्याची खूण होत.

पनवेल महामार्गांच्या संगमावर असल्याने पुढील सर्व निर्बंधांचे पडसाद येथे विशेष उमटले. २००५ ची डान्स बारवरील बंदी, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ व २०१९ च्या निर्णयांनी त्यात झालेले बदल, आणि १ एप्रिल २०१७ पासून महामार्गालगतच्या मद्यविक्रीवर आलेली अंतराची मर्यादा, ही त्याची उदाहरणे होत. आज शहरी मद्यालयांत ठराविक वेळी सवलतीच्या दराने पेये देण्याची, ‘हॅपी अवर्स’ नावाची प्रथा आढळते. आयर्लंडने २००३ साली आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८४ साली या प्रथेवर बंदी घातली, हे पाहता पेयाची वेळ व किंमत यांवर राज्याने अधिकार सांगणे ही केवळ वसाहतींतील घटना नव्हे, हे ध्यानात येते.

६

सारांश, पनवेल परिसरात ‘चांगले पेय’ या कल्पनेची तीन स्थित्यंतरे दिसतात. प्रथम ती ताजेपणाची होती: कोणते झाड, कोणता प्रहर. नंतर ती शुल्क भरल्याची झाली: कोणता परवाना, किती तीव्रता. शेवटी ती किमतीची झाली: कोणते दुकान, किती सवलत. पहिल्या अवस्थेत निर्णय भंडाऱ्याच्या हाताचा आणि पिणाऱ्याच्या जिभेचा होता. पुढील दोन्हींत तो कचेरीचा व बाजाराचा झाला. मद्यपान इष्ट की अनिष्ट, याचे उत्तर इतिहासाने द्यावयाचे नाही. परंतु त्यावर नियंत्रण घालताना कोणाच्या हातातील कौशल्य गुन्हा ठरले आणि कोणाच्या गल्ल्यातील उत्पन्न वाढले, याचा हिशेब मांडणे हे इतिहासाचे काम निश्चितच आहे. त्या हिशेबात डोंगरातील मोह वेचणारी बाई आणि ताडावर चढणारा भंडारी यांच्या नावे खर्चाची बाजूच अधिक भरते.