किल्ली, लेखणी आणि तलवार

मुंबईच्या फोर्ट भागात, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत जाण्याच्या अंतरावर, फ्रीमेसन्स हॉल ही जुनी इमारत आहे. तिच्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती आतून पाहिली असेल. उत्तर हिंदुस्थानातल्या छावणीच्या गावांत असल्या इमारतींना लोक ‘जादूघर’ म्हणत. बंद दार, दाराबाहेर तलवार घेऊन उभा असलेला माणूस आणि आत एप्रन बांधलेले साहेब, एवढ्या सामग्रीवर कोणत्याही गावाने भुताखेतांची गोष्ट रचली असती.

फ्रीमेसनरीवर लिहिणाऱ्यांची लेखणी बहुधा त्या बंद दाराशीच घुटमळते. वास्तविक आतल्या विधींचे गुपित फार लवकर फुटले. सॅम्युएल प्रिचर्ड याने १७३० सालीच लंडनमध्ये पुस्तिका छापून ते चव्हाट्यावर मांडले होते. प्रस्तुत लेखकाचे कुतूहल निराळे आहे. वर्गणी कोण गोळा करी? पैसा कोणाच्या हाती राही? हिशेब कोण तपाशी? आणि जेवणाच्या टेबलाशी कोण कोणाच्या शेजारी बसे? एखाद्या मंडळीत बंधुभाव कितपत खरा होता, हे तिच्या घोषणांपेक्षा या चार प्रश्नांच्या उत्तरांतून अधिक कळते, असे मला वाटते.

आरंभ लेखणीपासूनच करू. लंडनमधल्या चार लॉजेसनी २४ जून १७१७ रोजी ‘गूज अँड ग्रिडआयर्न’ या मद्यगृहात एकत्र येऊन ग्रँड लॉज स्थापन केली, असे परंपरा सांगते. या घटनेचा तपशील मिळतो तो जेम्स अँडरसनच्या १७३८ सालच्या ग्रंथात, म्हणजे एकवीस वर्षांनी लिहिलेला. ग्रँड लॉजचे स्वतःचे इतिवृत्त सुरू होते ते २४ जून १७२३ पासून. चिटणीस नेमला गेला आणि वही उघडली, ती त्या वर्षी. मधल्या सहा वर्षांची पाने नाहीतच. परिणाम असा, की अँड्र्यू प्रेस्कॉट आणि सुसान मिचेल सॉमर्स या अभ्यासकांनी अलीकडे १७१७ या सालावरच शंका घेतली आणि खरी स्थापना १७२१ची असावी, असे प्रतिपादन केले. जगभर पसरलेल्या संस्थेचा जन्मदिवस वादात सापडला, कारण तेव्हा कोणी टिपण ठेवले नाही.

यातून लॉजेस शहाण्या झाल्या असाव्यात. पुढच्या काळातली त्यांची कार्यालयीन घडी पाहण्यासारखी आहे. लॉजच्या प्रमुखाला वर्शिपफुल मास्टर म्हणतात. त्याच्या खालोखाल दोन वॉर्डन, मग खजिनदार, चिटणीस, दोन डीकन, आतल्या दाराचा रक्षक आणि बाहेरच्या दाराचा टायलर. प्रत्येकाच्या गळ्यात त्याच्या कामाची खूण असते. मास्टरची खूण गवंड्याचा गुण्या, खजिनदाराची किल्ली, चिटणिसाची एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन लेखण्या आणि टायलरची तलवार.

आता इंग्लिश पद्धतीच्या लॉजमधला एक नियम पाहा. मास्टरला सभासद दरवर्षी गुप्त मतदानाने निवडतात. निवडून आल्यावर वॉर्डनपासून आतल्या रक्षकापर्यंत बहुतेक अधिकारी तो आपल्या मर्जीने नेमतो. परंपरेने या मर्जीबाहेर ठेवलेली जागा दोन: खजिनदार आणि टायलर. त्यांना सभासद स्वतः निवडत. म्हणजे ज्याच्या हाती सगळी सत्ता सोपवली, त्याच्या हाती तिजोरी आणि दार मात्र दिले नाही. आपल्याकडे अध्यक्षाच्या मेहुण्याला खजिनदार करणारी मंडळे पाहिली, की या नियमामागचा अनुभव किती जुना असेल याची कल्पना येते.

पैशाचा प्रवाहही असाच बांधलेला. उत्पन्न मुख्यतः दोन वाटांनी येई: नव्या सभासदाचे प्रवेशशुल्क आणि सर्वांची वार्षिक वर्गणी. त्यातून ग्रँड लॉजला माणशी ठराविक रक्कम पाठवायची, जागेचे भाडे द्यायचे, टायलर पगारी असेल तर त्याचा पगार, शिवाय मेणबत्त्या, छपाई, टपाल. पैसा लॉजच्या नावाच्या बँकखात्यात राही आणि वर्षातून एकदा सभासदांची समिती वह्या तपासून अहवाल सभेपुढे ठेवी. इंग्लिश नियमानुसार पूर्ण दोन वर्षे वर्गणी थकली तर सभासदत्व आपोआप संपते; त्यासाठी कोणाला भांडावे लागत नाही. दुसऱ्या लॉजमध्ये जायचे असेल तर आधीच्या लॉजकडून येणेबाकी नसल्याचा दाखला आणावा लागतो. बंधू म्हणून मिठी मारायची ती हिशेब चुकता झाल्यावर, असा हा रोखठोक व्यवहार.

दानधर्माचा पैसा सहसा वेगळा मांडलेला असे. गरजू सभासद, त्यांच्या विधवा आणि मुले यांच्यासाठी सर्वसाधारण निधी असावा, ही कल्पना ग्रँड लॉजपुढे १७२४ सालीच आली होती. जेवणाच्या बेतासाठी त्या निधीला हात लावायचा नाही, हा संकेत. आणि जेवणाचा बेत ही काही लहान गोष्ट नव्हती. सभेनंतरचे भोजन हा लॉजच्या जीवनाचा निम्मा भाग होता. ज्युनियर वॉर्डनकडे परंपरेने जे काम आले ते हेच, की विश्रांतीच्या वेळी खाण्यापिण्याचा अतिरेक होऊ नये. भोजनाच्या शेवटी टायलर उठतो आणि जगात जिथे कुठे गरीब, संकटात सापडलेले मेसन असतील त्यांच्या नावाने पेला उंचावतो. सगळ्या संध्याकाळी दाराबाहेर उभा असलेला माणूस शेवटचा शब्द बोलतो.

ही सगळी यंत्रणा परस्परांवरच्या विश्वासासाठी होती. पण तिच्यात एक काळी गोळीही होती. नव्या उमेदवारावर मतदान होई ते गोळ्यांनी. इंग्लिश नियमात तीन काळ्या गोळ्या पडल्या की दार बंद, आणि लॉजला हवे तर ही संख्या दोन किंवा एक करता येई. कारण देण्याची गरज नाही. तिजोरी नको त्या माणसाच्या हाती जाऊ नये म्हणून केलेली ही तजवीज नको त्या वर्णाच्या माणसाला बाहेर ठेवण्यासही तितकीच उपयोगी होती.

मुंबईत हे घडले. माणेकजी करसेटजी हे पारशी समाजातले सुशिक्षित, सुधारक गृहस्थ. मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी अलेक्झांड्रा संस्था काढणारे ते हेच. मुंबईतील युरोपियनांच्या लॉजने त्यांना प्रवेश नाकारला. ते युरोपच्या प्रवासाला गेले आणि पॅरिसच्या एका लॉजमध्ये दीक्षा घेऊन मुंबईला परतले. आता मोठा पेच पडला. हा गृहस्थ जगाच्या दृष्टीने बंधू होता आणि मुंबईच्या दृष्टीने परका. तोड काढली डॉ. जेम्स बर्न्स यांनी. पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश लॉजेसचे ते प्रांतिक प्रमुख होते. त्यांच्या पुढाकाराने डिसेंबर १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज निघाली, ती हिंदी लोकांना प्रवेश देण्यासाठीच. पुढे खरशेदजी रुस्तमजी कामा यांच्यासारखे विद्वान तिथे घडले. मात्र जुन्या दाराला धक्का लागला नाही. शेजारी नवे दार झाले, हेही नोंदवले पाहिजे.

मतपेटीतून पार पडले तरी पंगत उरतेच. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग लाहोरच्या ‘होप अँड पर्सिव्हरन्स’ लॉजमध्ये अल्पवयीन असताना खास परवानगीने दाखल झाला. लॉजला चांगला चिटणीस हवा होता म्हणून आपल्याला घेतले, पण तो काही त्यांना मिळाला नाही, असे त्याने आत्मचरित्रात मिस्कीलपणे सांगितले आहे. दाखल झालो ते साल त्याने १८८५ दिले. लॉजच्या नोंदीत ते १८८६ आहे. तो चांगला चिटणीस नव्हता याला याहून वेगळा पुरावा नको. त्या लॉजमध्ये हिंदू, मुसलमान, शीख होते, टायलर यहुदी होता. पण लॉजच्या आठवणीवर त्याने जी कविता लिहिली, तीत मेजवानी होत नसे. एखाद्या बंधूचा आचार मोडेल ही भीती. एकाच खोलीत समान पातळीवर बसणारी माणसे एका ताटाशी येऊन थबकत.

नेमकी तिथून पुढे जाण्याची हिंमत आपल्या माणसांनी केली होती, आणि तीही किपलिंगच्या कितीतरी आधी. रायझिंग स्टारनंतर सहा वर्षांनी, १८४९च्या सुमारास, दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत परमहंस सभा काढली. ती गुप्त होती. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, ही तिची दीक्षा. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे सुचवण्याचा माझा हेतू नाही; दोन्ही संस्थांचे हेतू वेगळे होते. पण लॉज जिथे थबकली, ती पायरी परमहंस सभेने पहिल्याच दिवशी ओलांडली.

आणि ती मोडली कशाने? १८६०च्या सुमारास सभासदांच्या नावांचे दप्तर चोरीला गेले. नावे फुटणार म्हणजे घराघरांत बहिष्कार येणार, सभा विखुरली. कल्पनेत ती लॉजहून धीट होती, पण तिच्या दप्तराची राखण तितकी पक्की नव्हती. १८६७ साली दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थनासमाज निघाला, तो उघडपणे. चोरण्यासारखी यादीच उरली नाही.

लॉजने किल्ली, वही आणि दार सांभाळले, म्हणून ती टिकली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज झाली आणि रामपूरचे नबाब सय्यद रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर झाले. ज्या शाखांच्या दारात शतकभरापूर्वी एका पारशाला अडवले होते, त्यांचा कारभार हिंदी माणसांकडे आला. परमहंस सभेचा पाव आणि पाणी मात्र आज इतके साधे वाटते की ते कधीकाळी गुप्त ठेवावे लागले, हे नातवंडांना समजावून सांगावे लागते. एका मंडळीची व्यवस्था टिकली, दुसरीची गोष्ट खरी ठरली. येत्या लक्ष्मीपूजनाला वह्यांवर कुंकू वाहताना दोघींची आठवण ठेवायला हरकत नाही.