काळ्या रेशमाचा दुहेरी टाका

व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात इंग्लंडची राणी जेन सीमोर हिचं एक चित्र आहे. हान्स होल्बाइनने ते १५३६-३७च्या सुमारास रंगवलं. राणीच्या अंगावर लाल मखमल आहे, सोनं आणि मोती आहेत. पण सुईदोऱ्याचं वेड असणाऱ्याची नजर थेट तिच्या मनगटाकडे जाते. झग्याच्या आत घातलेल्या सदऱ्याची पांढरी झालर तिथे डोकावते आणि तिच्यावर काळ्या रेशमाचं बारीक, चौकटीचौकटीचं भरतकाम आहे. होल्बाइनने ते इतकं नेमकं रंगवलंय, की चित्र बघून नमुना आलेखाच्या कागदावर उतरवता येतो. ट्यूडर काळातले कपडे घरी शिवणारे हौशी लोक आजही या झालरीवर हात बसवतात.

या कामाला इंग्रजीत ‘ब्लॅकवर्क’ म्हणतात आणि त्यातल्या मुख्य टाक्याला होल्बाइनचंच नाव मिळालं आहे. त्याने स्वतः कधी भरतकाम केलं नाही, फक्त चित्रांतून टिपलं. टाका तसा साधा. आधी सरळ धावदोरा घालत जायचं. एक टाका वर, एक खाली. टोकाला पोचलं की त्याच वाटेने परत यायचं आणि मोकळ्या राहिलेल्या जागा भरायच्या. दोन फेऱ्या झाल्या की अखंड रेघ तयार होते, उलट्या बाजूनेही तशीच. मेख परतीच्या फेरीत आहे. प्रत्येक भोकात सुई आधीच्या टाक्याच्या एका अंगाने वर काढायची आणि दुसऱ्या अंगाने खाली घालायची, तरच रेघ सरळ दिसते. नाहीतर ती नागमोडी होते. फांद्या फुटणारा नमुना असेल तर जातानाच प्रत्येक फांदीवर जाऊन यावं लागतं. गाठ कुठेच मारायची नाही, दोऱ्याची टोकं टाक्यांखालीच लपवायची.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर कपड्यातच आहे. चुण्या घातलेली झालर मनगटावर पसरली, उभी कॉलर थोडी उघडी राहिली, की कापडाच्या दोन्ही बाजू दिसतात. तिथे उलटी बाजू लपवायला अस्तर लावता येत नाही. म्हणून हा टाका सपाट कापडावर भरून चौकटीत लावला, की त्याचं निम्मं कसब भिंतीकडे तोंड करून बसतं.

हे काम इंग्लंडात आणल्याचं श्रेय बहुतेक ठिकाणी कॅथरीन ऑफ अ‍ॅरगॉनला दिलं जातं. ही स्पॅनिश राजकन्या १५०१ मध्ये इंग्लंडात आली आणि पुढे आठव्या हेन्रीची पहिली राणी झाली. तिच्यामुळे या कामाची चलती वाढली असणार. त्या काळच्या नोंदींत त्याला ‘स्पॅनिश काम’ असंच म्हटलेलं सापडतं. पण ते आणलं तिनेच, हे मात्र पटत नाही. तिच्या सुमारे शंभर वर्षं आधी चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एका सुताराच्या बायकोचा सदरा वर्णिला आहे. त्याच्या गळपट्टीवर कोळशासारख्या काळ्या रेशमाचं काम आहे, आणि ते आतूनही आहे नि बाहेरूनही, हे सांगायला चॉसर विसरत नाही. त्याहून मागे जायचं तर इजिप्त गाठावं लागतं. मामलुक काळातले, गडद रेशमाने याच दुहेरी टाक्यात भरलेले तागाच्या कापडाचे तुकडे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहेत.

कॅथरीनचं सुईशी नातं मात्र खरंखुरं होतं. नवऱ्याचे सदरे शिवणं हे तेव्हा बायकोचं काम, मग ती राणी का असेना. १५३० मध्ये हेन्री तिच्यापासून सुटका करून घेण्याच्या खटपटीत होता, तरी सदऱ्यांचं कापड तिच्याकडेच पाठवत होता. हे कळल्यावर त्याची पुढची राणी होऊ घातलेली अ‍ॅन बोलीन भडकली, असं पवित्र रोमन सम्राटाचा इंग्लंडातला वकील शापुई याने लिहून ठेवलं आहे.

हा टाका मराठी बायकांना अनोळखी नाही. धारवाड-हुबळीकडच्या कसुतीत, म्हणजे आपल्या कर्नाटकी कशिद्यात, ‘गावंती’ नावाने तोच येतो: धागे मोजून, गाठ न मारता, दोन्हीकडून सारखा. इरकली लुगड्यावर त्याने तुळशीवृंदावनं, गोपुरं, अंबारीचे हत्ती उतरतात. ज्या हाताला गावंती येते, त्याला जेन सीमोरची झालर नव्याने शिकावी लागत नाही.

१५२०च्या दशकात होल्बाइनच्याच जन्मगावी, आउग्सबुर्गला, भरतकामाच्या नमुन्यांची पुस्तकं छापली जाऊ लागली. बायकांनी त्यांची पानं सुटी केली, टोचली, वापरून संपवली; त्यामुळे फार थोड्या प्रती उरल्या. शतक सरता सरता मोजीव चौकटींच्या जागी वळणदार वेली आल्या, फुलांच्या पाकळ्यांत बारीक ठिपक्यांची छाया आली आणि सतराव्या शतकात ही फॅशन मागे पडली.

अस्सल कपडे थोडे उरले, त्याचं एक कारण रंगात आहे. काळा रंग मायफळ आणि हिराकस यांपासून करत. हिराकसातलं लोह रेशमाला हळूहळू खातं. कित्येक जुन्या तुकड्यांवर आज कापड शाबूत आहे, पण रेशीम झडून गेलंय आणि नमुना केवळ सुईच्या भोकांवरून वाचावा लागतो.

घरी शिवणाऱ्यांची आजची परंपरा अलीकडची आहे. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम’ सुरू झाली. तिच्या मेळाव्यांना सतराव्या शतकापूर्वीच्या धाटणीचा पोशाख लागतो, आणि तो बरेच जण स्वतःच शिवतात. मोठा आधार दिला तो वेशभूषेच्या अभ्यासक जॅनेट अर्नल्ड यांनी. संग्रहालयांतले कपडे त्यांनी शिवण न् शिवण मोजले. त्या १९९८ मध्ये गेल्या. त्यांच्या ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ या पुस्तकमालेचा सदरे आणि टोप्यांवरचा चौथा खंड जेनी तिरामानी आणि सँटिना लेव्ही यांनी पुरा करून २००८ मध्ये आणला.

या सदऱ्यांचं बेतणं कापड जराही वाया न घालवणारं आहे: अंगाचे, बाह्यांचे आयत आणि हात वर करता यावा म्हणून बगलेत एक चौकोनी तुकडा. झालर मात्र आधी सपाट असतानाच भरून घ्यायची, दोन्ही बाजू तपासायच्या आणि मगच चुण्या घालून बाहीला जोडायची. एकदा चुण्या पडल्या, की उलट्या बाजूचा चुकलेला टाका उसवायला सुई आत शिरत नाही.