कॅटलॉगमध्ये नसलेली गाडी : आडवाटेच्या जुन्या मोटरसायकली आणि उपनगरातले घरगुती गाळे

बाहेर पाऊस आहे, गाड्या उशिरा धावतायत, तरी एवढी माणसं आलात, त्याबद्दल आधी आभार. कार्यक्रमपत्रिकेत आमच्या विषयापुढे ‘छंद’ असं छापलंय. ते खोटं नाही. रविवार त्यातच जातो आणि घरची बोलणीही त्यासाठीच खावी लागतात. पण आज बोलायचंय ते इतिहासाबद्दल, आणि त्यातला थोडासा इतिहास आम्ही स्वतःच्या हातांनी कसा पुसून टाकला त्याबद्दल.

आम्ही चौघे. मुलुंडला एका जुन्या इमारतीच्या मागे दहा बाय चौदाचा गाळा आहे, तीच आमची कार्यशाळा. एक हाततिंबा, एक ड्रिल, भाड्याचं वेल्डिंग आणि भिंतीवर पान्यांची रांग. जुन्या मोटरसायकली, त्यातही मातीत आणि डोंगरात पळवलेल्या मोटरसायकली आणायच्या, उघडायच्या, पुन्हा चालत्या करायच्या, एवढाच उद्योग.

आता पहिला प्रश्न असा, की आपल्याकडे जुनी ‘ऑफ-रोड’ मोटरसायकल म्हणायचं तरी कशाला? युरोपात या खेळाचे वेगवेगळे प्रकार होते. ट्रायल म्हणजे दगडधोंड्यांतून, ओढ्यातून, पाय न टेकता गाडी काढणं. स्क्रॅम्बल, म्हणजे पुढे ज्याला मोटोक्रॉस म्हणू लागले, ती चिखलातली शर्यत. आणि सहा दिवसांची ती मोठी आंतरराष्ट्रीय परीक्षा, जिथे देशोदेशींचे संघ उतरायचे. प्रत्येक प्रकारासाठी तिथे वेगळी गाडी मिळायची. आपल्याकडे कितीतरी दशकं अशी गाडी कुठल्याच दुकानात नव्हती. एकच गाडी ऑफिसला जायची, तीच गावाला जायची, आणि कुणाच्या अंगात आलं तर तीच माळावर शर्यत लावायची.

पण गंमत अशी, की इथे ज्या गाड्या आल्या त्यांची जात मुळात मातीतलीच होती. बुलेट घ्या. आज बुलेट म्हटलं की डोळ्यांसमोर पोलीस, लष्कर किंवा गावचे पाटील येतात. पण १९४८ साली रॉयल एनफिल्डने नव्या बुलेटचे नमुने प्रथम उतरवले ते ट्रायलमध्ये. त्याच वर्षी इटलीत सान रेमोला झालेल्या सहा दिवसांच्या परीक्षेत ब्रिटिश संघातल्या दोन बुलेटना सुवर्णपदकं मिळाली. त्या गाडीचं वेगळेपण मागच्या चाकाकडे होतं. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांचं मागचं चाक चौकटीला ताठ बसवलेलं असे. बुलेटचं चाक झुलत्या दांड्यावर, स्प्रिंगांच्या आधारे वर-खाली होई. खड्ड्यातून जाताना चाक जमीन सोडत नाही, म्हणून जोर वाया जात नाही. पुढे जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ साली स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल याच गाडीवर जिंकली. आणि त्याच सुमारास आपल्या सरकारने सीमेवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. म्हणजे गस्तीची गाडी म्हणून जिला आपण ओळखतो, तिची परीक्षा आधी चिखलात झाली होती.

जावाचंही तेच. चेकोस्लोव्हाकियाचे संघ सहा दिवसांच्या परीक्षेत वर्षानुवर्षं दबदबा राखून होते. तिथल्याच सीझेड गाड्यांवर जोएल रोबेर आणि पॉल फ्रीडरिक्स साठच्या दशकात मोटोक्रॉसचे जगज्जेते झाले. त्या घराण्याची गाडी १९६१ पासून म्हैसूरला, आयडियल जावाच्या कारखान्यात तयार होऊ लागली. पुढे तिचं नाव येझदी झालं, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. राजदूत १७५ आली १९६२ च्या सुमारास, पोलंडच्या एसएचएल गाडीवरून. तिचा पुढचा जाडजूड लोलकासारखा काटा आठवतोय ना? दुधाच्या किटल्या लादून बांधाबांधाने जाणारी ती गाडी. आणि यांच्याही आधी, दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या बीएसए एम-२० सारख्या गाड्या होत्याच.

आता उपनगरात या. ही गाडी ठीक ठेवायला इथे काय होतं? कारखाने होते. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स, भांडुपला लॅम्ब्रेटा बनवणारी ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, विक्रोळीला गोदरेज, कांदिवलीला महिंद्रा. आणि या मोठ्या कारखान्यांच्या सावलीत घाटकोपर, साकीनाका, मरोळ इथले शेकडो छोटे गाळे : लेथ, मिलिंग, प्लेटिंग, भट्टी. परदेशी सुटा भाग मागवायचा तर आयातपरवाना लागे, तो मिळेतो गाडी गंजून जाई. म्हणून भाग इथेच बनायचा. फॉस्फर ब्राँझचा बुश कातून घ्या, दुसऱ्याच गाडीचा पिस्टन बसेल असा बोअर करा, रिमला नव्याने आरे ओवा. उरलेलं कुर्ल्याच्या भंगारबाजारात किंवा चोरबाजारात शोधा. दिवसा पाळीत मोटारीचे गिअर कातणारा माणूस संध्याकाळी शेजारच्या पोराच्या जावाचा बुश कातून देई. याला हल्ली ‘जुगाड’ म्हणतात. आम्हाला तो शब्द पटत नाही. शंभरातल्या एका मिलिमीटरचा हिशेब डोक्यात ठेवून केलेलं ते काम होतं.

आता आमच्या चुकीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी भांडुपच्या एका चाळीतून आम्ही साठच्या दशकातली जावा आणली. दोनशे पन्नास सीसी, टू-स्ट्रोक. तीच ती, जिची किक आणि गिअरचा दांडा एकच असतो. अवस्था विचित्र होती. पुढचा मडगार्ड अर्ध्यात कापलेला. दोन्ही सायलेन्सर वाकवून वर घेतलेले. फूटरेस्टच्या मुळाशी चौकटीवर लोखंडाची जाड पट्टी वेल्ड केलेली, आणि पुढच्या स्प्रॉकेटला नेहमीपेक्षा दोन दात कमी. आम्ही म्हटलं, अरेरे, काय वाट लावलीय गाडीची! आणि मोठ्या उत्साहाने ती ‘मूळ रूपात’ आणायला घेतली. पट्टी ग्राइंडरने कापली. मडगार्ड आणि सायलेन्सर नवे मिळवले. जुने भाग भंगारवाल्याला किलोवर दिले. मरून रंग, टाकीला क्रोम, वर सोनेरी रेघ. गणपतीच्या दिवसांत गाडी इमारतीच्या दारात उभी केली तेव्हा लोक फोटो काढत होते.

त्यांतच एक आजोबा आले. भांडुपच्या स्कूटरच्या कारखान्यात टर्नर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून चौकटीखाली हात घातला, चाचपलं, आणि म्हणाले, “इथली पट्टी कुठाय?”

पट्टी त्यांनीच लावली होती. येऊरच्या पायथ्याशी, ठाण्यापलीकडच्या माळांवर पावसाळ्यात पोरं गाड्या पळवायची, त्यातली ही एक. उडी मारून खाली आलं की सगळं वजन फूटरेस्टवर येतं, आणि तिथे चौकटीला तडा जायचा. म्हणून पट्टी. चिखल अडकून चाक जाम होई, म्हणून मडगार्ड कापलेला. ओढ्याचं पाणी शिरू नये म्हणून सायलेन्सर वर. चढाला जोर मिळावा म्हणून स्प्रॉकेटचे दात कमी. वेग गेला तरी चालेल. आम्ही जिला वाट लावणं म्हणत होतो ती एका माणसाने विचार करून, मोजून-मापून घडवलेली ऑफ-रोड गाडी होती. कुठल्याच कॅटलॉगमध्ये नसलेली. आणि आम्ही ती मोडून दुकानातली गाडी तयार केली होती, जशा अजून पुष्कळ आहेत.

आजोबा रागावले नाहीत. “छान चमकवलीत,” म्हणाले आणि गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर आमची पद्धत बदलली. गाडी गाळ्यात आली की पहिला आठवडा पान्याला हात लावायचा नाही. फोटो काढायचे, वही घ्यायची, प्रत्येक वेल्ड, प्रत्येक भोक, प्रत्येक बाहेरचा बोल्ट लिहून ठेवायचा. आधीच्या मालकाला, त्याच्या मेकॅनिकला शोधायचं. काढलेला एकही भाग भंगारात नाही. चिठ्ठी बांधून पेटीत. मग ठरवायचं, की काय बदलणं भाग आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची ऑइल सील गेली की हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम होतो. ती सील बदलायलाच हवी, त्यात भावनेचा प्रश्न नाही. ब्रेक, तारा, टायर, तसंच. पण कापलेला मडगार्ड गाडीला इजा करत नाही. तो राहू द्यावा. गंज थांबवायचा, नव्याची चमक आणायची नाही. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत हे काम रंग मारण्यापेक्षा अवघड आहे, दर पावसाळ्यात कळतं.

इथे एक खरी अडचण आहे, ती लपवत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र गाडी मूळ रूपात हवी. चौकटीत किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. या अटीमागचा हेतू आम्हाला समजतो. उद्या कुणीही चार गाड्यांचे तुकडे जोडून विंटेज म्हणून आणेल. पण आजोबांची पट्टी चौकटीवरच होती. कारखान्यातून बाहेर पडली तो क्षण म्हणजे मूळ रूप, असं धरलं तर त्यानंतरच्या साठ वर्षांची नोंद कुठे करायची? आमच्यापुरतं उत्तर एवढंच, की पन्नास वर्षांपूर्वी, त्या काळच्या गरजेने, त्या काळच्या हातांनी केलेला बदल हासुद्धा कागदपत्र आहे. परवानगी मिळो न मिळो, तो आधी नोंदवा.

कारण ते हात आता कमी होत चाललेत. कारखान्यांच्या जागी टॉवर उभे आहेत. गाळ्यांतले लेथ विकले गेले, ज्यांना ते चालवता येत होते ती माणसं ऐंशीच्या घरात आहेत. गाडी लोखंडाची आहे, ती टिकेल. पट्टी का लावली हे सांगणारा माणूस टिकणार नाही.

जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगावी जमतात. आमची ती मरून जावाही जाते. मागच्या खेपेला आम्ही तिच्या सीटखाली एक छोटा पत्रा बसवला. वर कोरलंय, की या गाडीच्या चौकटीला उजवीकडे पट्टी होती, ती कुणी लावली, का लावली, आणि कुणी कापली. शेवटचं नाव आमचं आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी, कुणाच्या इमारतीच्या जिन्याखाली अशी गाडी असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी दहा फोटो काढा आणि वडीलधाऱ्यांना विचारा. आम्हाला दिलीच पाहिजे असं नाही. बरं, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या काकांनी मघापासून हात वर केलाय.