तारेच्या आतले गोल्फ

गोल्फ हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल तो कुंपणाबाहेरूनच. लांबच लांब हिरवळ, काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या, आणि इवलासा चेंडू खळग्यात घालण्यासाठी मैल-मैल चालणारे साहेबलोक! हा खळगा म्हणजे आपल्या गोट्यांच्या खेळातली गलच, पण हे साहेबांना कोण सांगणार? जागा, पैसा आणि फुरसत असल्यावाचून गोल्फ खेळता येत नाही, अशी आपली समजूत. ज्या गोल्फविषयी मी आज बोलणार आहे, तेथे फुरसत मात्र उदंड होती. खेळणारे कुंपणाच्या आत होते आणि पाहणारे बंदुका घेऊन मनोऱ्यावर.

१९४२ च्या वसंत ऋतूत जर्मन वायुदलाने सागान गावाजवळ, पाइनच्या रानात, पकडलेल्या वैमानिकांसाठी छावणी उघडली. 'श्टालाग लुफ्ट तीन' हे तिचे नाव. सागान तेव्हा जर्मनीत होते. आज ते पोलंडमध्ये आहे. तिथली जमीन वाळूची. तीत भुयार खणणे धोक्याचे, आणि खणलेच तर आतली पिवळी वाळू वरच्या करड्या धुळीवर लगेच उठून दिसे.

अशा ठिकाणी एका कैद्याच्या हाती गोल्फची एक काठी आली. एकच! तीही बायकांच्या मापाची, हिकरी लाकडाच्या दांड्याची. पण चेंडू कुठे होता? मग पाइनचा तुकडा तासून गोल केला, त्यावर लोकर नि सुतळी गुंडाळली आणि वरून कापड शिवले. आपण लहानपणी चिंध्यांचा चेंडू करून त्यावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चढवीत होतो, तसलाच हा प्रकार. फरक इतकाच, की आपण संध्याकाळी घरी जात होतो.

पुढे ही विद्या वाढली. कॅनव्हासच्या बुटांचे रबर कापून त्याच्या बारीक पट्ट्या ताणून गुंडाळायच्या, वर चामड्याचे कवच शिवायचे. तेव्हाच्या ब्रिटिश नियमाप्रमाणे चेंडूचा व्यास १.६२ इंचांहून कमी नको आणि वजन १.६२ औंसांहून जास्त नको असे. बराकीत बसून, चार-दोन हत्यारांनिशी, ही मंडळी त्या मापाच्या जवळ पोहोचली! पाहणारा कुणी पंच नसताना मापाचा एवढा अट्टाहास का, असे विद्यार्थी मला विचारतील. मला वाटते, त्या छावणीत बाकी सारी मापे दुसऱ्याने ठरविलेली होती. पाव किती, दिवा कधी मालवायचा, हजेरीला किती वेळ उभे राहायचे, हे सगळे. चेंडूचे माप तेवढे त्यांचे स्वतःचे होते.

मैदान बराकींच्या अधूनमधून आखलेले. सुरुवातीस झाडांचे बुंधे आणि खांब हेच लक्ष्य; नंतर रीतसर खळगे झाले. इंग्रजीत खळग्याभोवतालच्या हिरवळीला 'ग्रीन' म्हणतात. इथे हिरवळ कुठली? वाळूच चोपून सपाट केली आणि तिला 'ब्राउन' म्हणू लागले. मुख्य कुंपणाच्या आत एक ठेंगणी ताकिदीची तार होती. विनापरवाना ती ओलांडली की पहारेकऱ्याने गोळी घालावी, असा हुकूम. चेंडू हद्दीबाहेर गेला तर इतरत्र एका फटक्याचा दंड बसतो. इथला दंड आपण समजू शकता.

ह्याच वाळूखालून, १९४४ च्या मार्चमधील २४ तारखेच्या रात्री, ७६ जण भुयारातून निसटले. तिघे सुटले, ७३ पकडले गेले आणि त्यांतल्या ५० जणांना हिटलरच्या हुकुमाने ठार मारण्यात आले. त्यावर पुस्तके झाली, १९६३ मध्ये चित्रपटही निघाला. त्यात गोल्फला जागा नाही, आणि ते योग्यच आहे. पण छावणीतले बहुसंख्य कैदी भुयारातून बाहेर पडणारच नव्हते. वर्षे काढायची होती ती त्यांना. चेंडूवर नजर असेपर्यंत अंतर मोजायचे ते खळग्यापर्यंतचे, घरापर्यंतचे नव्हे.

ह्या खेळाची हकीकत आपणांस कळली, ती मुख्यतः पॅट वॉर्ड-थॉमस ह्या कैदी वैमानिकामुळे. युद्धानंतर तो 'गार्डियन' पत्राचा गोल्फ-वार्ताहर झाला आणि जगातली नामांकित मैदाने त्याने पाहिली.

१९४५ च्या जानेवारीअखेर रशियन फौजा जवळ आल्या. कैद्यांना रात्री हुकूम झाला, की सामान बांधा आणि निघा. बाहेर कडाक्याची थंडी होती, रस्त्यावर बर्फ. ती सारी माणसे पश्चिमेकडे चालू लागली, आणि मागे ती 'ब्राउन' बर्फाखाली गेली.