व्हिडिओगेमची भेट : कॅसेटपासून कोडपर्यंत

सातारा-सांगलीकडे मुलांना व्हिडिओगेम भेट देण्याची पद्धत १९९०च्या दशकात रुजली. जावळी-पाटणच्या खोऱ्यांतील माणसे मुंबईत माथाडी कामाला, तर विटा-आटपाडीकडची गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी देशभर पांगलेली. यात्रेला किंवा दिवाळीला गावी येताना पोरांसाठी काहीतरी आणायचेच, हा शिरस्ता जुना होता. त्यात टीव्हीला जोडायच्या गेमची भर पडली.

हा गेम म्हणजे बहुधा निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल असे. ‘लिटल मास्टर’सारख्या नावांनी ती विकली जाई. सोबत दोन रिमोट, एखादी बंदूक आणि मारिओ, काँट्रासारख्या खेळांची कॅसेट. कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. बहुतेक खेळांत डाव साठवण्याची सोय नव्हती. वीज गेली की पहिल्यापासून सुरुवात. पण कॅसेट हातोहात फिरत असे, हा तिचा खरा गुण. काकाने एकाला दिलेली काँट्रा सगळी आळी खेळे, तिच्या बदल्यात दुसरी कॅसेटही मिळे.

प्लेस्टेशन २ च्या डिस्कनेही ही देवघेव चालू ठेवली. २००९ मध्ये तर विटीदांडू, कबड्डी असे आपल्या मातीतले खेळ ‘देसी अड्डा’ या नावाने डिस्कवर आले.

या देवघेवीवर मोठा घाव घालण्याचा प्रयत्न २०१३ मध्ये झाला. नव्या एक्सबॉक्स वनवर डिस्कवरचा गेम मित्राला एकदाच देता येईल, आणि तो मित्र किमान ३० दिवस आपल्या यादीत असला पाहिजे, असे मायक्रोसॉफ्टने ६ जूनला जाहीर केले. गिऱ्हाईक इतके खवळले की १९ जूनला कंपनीने माघार घेतली. मात्र डिस्क वाचली तरी विक्री हळूहळू डाउनलोडकडे सरकलीच.

डाउनलोड गेम भेट देण्याची सोय निन्टेन्डोने वी कन्सोलवर २००७च्या अखेरीस केली होती. एक्सबॉक्सवर ती २०१७ मध्ये आली. त्यात घेणाऱ्याला २५ अक्षरांचा कोड मिळतो. तो एकदा वापरला की गेम त्या खात्याला कायमचा चिकटतो. शिवाय देणारा आणि घेणारा एकाच देशात असावे लागतात. त्यामुळे अमेरिकेतल्या मामाला तिथल्या दुकानातून कराडच्या भाच्याला गेम पाठवता येत नाही. पूर्वी तोच मामा कॅसेट बॅगेत टाकून आणू शकला असता. परगावच्या माणसाने गावाकडे आणायची भेट ज्या भागात इतकी महत्त्वाची, तिथे ही अट विशेष जाचक ठरते. प्लेस्टेशनच्या दुकानात अजून गेम नव्हे, पैशांचे कार्डच भेट देता येते.

२०२५ मध्ये निन्टेन्डोने डाउनलोड केलेला गेम आपल्या खात्याच्या कुटुंब-गटातल्या दुसऱ्या माणसाला दोन आठवडे उसना देण्याची मुभा दिली. त्या गटाबाहेरच्या शेजारच्या मुलाला मात्र तो अजून देता येत नाही.